पाढे पाठ आहेत, पण गुणाकार कळलाय का? रोजच्या वस्तूंमधून गुणाकार शिकवताना नेहमी पडणारे प्रश्न

गुणाकार म्हटलं की सगळ्यांना आधी पाढे आठवतात आणि मग रोज संध्याकाळी बे एके बे सुरू. मी पाढ्यांच्या विरोधात अजिबात नाही, उलट पाढे यायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे, पण त्याच्या आधीची एक पायरी बरेचदा राहून जाते, ती म्हणजे वस्तू गटागटाने बघायची सवय. चपलांची जोडी, रिक्षाची चाकं, कोळ्याचे पाय, कॅलेंडरच्या ओळी, सगळीकडे गुणाकार आयता मांडून ठेवलेला असतो, फक्त कुणीतरी तो मुलांना दाखवावा लागतो. आईबाबा आणि नवीन शिकवणारे जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे घेतलेत.

मुलाला दहापर्यंतचे पाढे घडाघडा येतात, तरी उदाहरणात गुणाकार कुठे करायचा तेच कळत नाही. असं का होतं?

कारण पाढा त्याच्यासाठी गाण्यासारखा झालाय. गाणं पाठ असतं, चाल पक्की असते, पण "तीन चोक बारा" मधले ते बारा नक्की काय आहेत हे त्याला कधी दिसलेलं नसतं. एक साधी परीक्षा घेऊन बघा. समोर ३ खुर्च्या ठेवा आणि विचारा, सगळ्या खुर्च्यांचे मिळून पाय किती? बरीच मुलं खाली वाकून एक-एक पाय मोजतात, काही पटकन "सात" म्हणतात. सात कुठून आले, तर ३ खुर्च्या आणि ४ पाय, केली बेरीज.

ही चूक फार महत्त्वाची आहे, तिच्यावर रागावू नका, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते ती सांगते. बेरजेत दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे असतात, ३ पेन्सिली आणि अजून ४ पेन्सिली. गुणाकारात तसं नसतं. एक आकडा सांगतो गट किती, आणि दुसरा सांगतो एका गटात वस्तू किती. म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात आणि आपल्याला ते इतकं सवयीचं झालेलं असतं की यात काही अवघड आहे हेच लक्षात येत नाही. मुलासाठी मात्र ही मोठी उडी आहे. चार पाय मिळून "एक" खुर्ची, आणि ती एक खुर्ची म्हणजे परत चार पाय, हे दोन्ही डोक्यात एकदम धरायचं. एकदा ते धरता आलं ना, की पुढचं सगळं सोपं जातं.

कोणत्या वयात सुरू करायचं?

गट दाखवायला वयाची अट नाही. मूल दहापर्यंत नीट मोजायला लागलं की जोड्या लावणं, सारखे वाटे करणं हे खेळता खेळता होतं. × हे चिन्ह आणि पाढे साधारण दुसरीच्या आसपास येतात, त्याच्या आधी वर्ष-दोन वर्षं नुसतं "एकात किती, असे किती, मिळून किती" एवढंच बोललं तरी पुष्कळ झालं. घरात तीन वर्षांपेक्षा लहान भावंड असेल तर बटणं, मणी, गोट्या असल्या बारीक वस्तू खेळ झाल्यावर लगेच उचलून ठेवा, ती तोंडात जातात.

सुरुवात कुठल्या वस्तूपासून करू?

ज्या वस्तूंचा गट कुणी बनवलेला नाही, तो आपोआपच आहे, अशा वस्तूंपासून. मणी पाच-पाचच्या ढिगात ठेवले तर तो गट आपण बनवला, मुलाला वाटतं बाबांनी पाच ठेवले म्हणून पाच, उद्या सहा ठेवतील. पण हाताला बोटं पाचच असतात, मुंगीला पाय सहाच असतात, तिथे कुणाची मर्जी चालत नाही, म्हणून "प्रत्येकात तेवढेच" ही गोष्ट लगेच पटते. आणि गुणाकाराचा सगळा पाया तर त्या "प्रत्येकात तेवढेच" वरच आहे.

माझी आवडती पहिली वस्तू म्हणजे दारातल्या चपला-बूट. सगळे इकडेतिकडे पडलेले असतात, ते आधी जोड्यांत लावायला सांगायचं, मग विचारायचं जोड्या किती? चार. आणि चपला किती? इथे मूल थांबतं. चार का आठ? दोन्ही बरोबर, चार जोड्या आणि आठ चपला, आणि हा जो क्षण असतो ना, एकाच ढिगाला दोन आकडे लागू शकतात हे कळण्याचा, तो मला पाढ्याच्या शंभर वेळा घोकण्यापेक्षा मोलाचा वाटतो. घाई करू नका, त्याला तिथे थोडं थांबू द्या.

बसून नक्की करायचं काय? मला काही शिकवायचा अनुभव नाहीये

अनुभव लागत नाही, तीन प्रश्न लागतात. एकात किती? असे किती? मिळून किती? बस. कुठलीही वस्तू घ्या, याच क्रमाने विचारा, आणि मुलाकडून पूर्ण वाक्यात म्हणवून घ्या: "एका सायकलला २ चाकं, अशा ५ सायकली, मिळून १० चाकं." नुसतं "दहा" हे उत्तर घ्यायचं नाही, "दहा काय?" असं विचारायचं. दहा सायकली? नाही, दहा चाकं. हा एक शब्द मागे लावायची सवय लागली की पुढे शाब्दिक उदाहरणांत निम्मे घोटाळे होतच नाहीत.

तोंडी जमलं की मग चित्र. सुंदर काढायची गरज नाही, गोल काढा आणि आत ठिपके द्या, गोल म्हणजे सायकल आणि ठिपके म्हणजे चाकं. त्यानंतर बेरीज लिहा, २ + २ + २ + २ + २. मुलं लिहून लिहून कंटाळतात, कंटाळू द्या, मुद्दाम एकदा बारा सायकलींची बेरीज लिहायला सांगा. आणि मग म्हणा की हे सगळं थोडक्यात लिहायची एक युक्ती आहे, २ × १२. त्या वेळी ते × चिन्ह मुलाला सोय वाटते, त्याचं ओझं वाटत नाही. (हे चिन्ह विल्यम ऑट्रेड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १६३१ साली छापलेल्या पुस्तकात वापरलं होतं, मोठ्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना गंमत वाटते की चिन्हं पण कुणीतरी कधीतरी बनवलेली असतात.)

वस्तू, मग चित्र, मग बेरीज, मग चिन्ह. एका दिवसात सगळं नको. एका वस्तूवर दोन-तीन दिवस गेले तरी हरकत नाही.

प्रत्येक आकड्यासाठी वस्तू सुचवाल का?

हो, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोनसाठी तर रान मोकळं आहे, डोळे, कान, मोजे, पक्ष्याचे पंख, सायकलची चाकं. तीनसाठी रिक्षाची चाकं, लहान मुलांची तीनचाकी, त्रिकोणाच्या बाजू, सिग्नलचे रंग, आणि मुलांना हमखास आवडणारी गोष्ट म्हणजे ऑक्टोपस, त्याला हृदयं तीन असतात आणि हात आठ, म्हणजे एकाच प्राण्यात दोन पाढे. चारसाठी टेबल-खुर्चीचे पाय, कुत्र्या-मांजराचे पाय, मोटारीची चाकं, चौकोनाचे कोपरे. पाचसाठी हाताची बोटं, जास्वंदीच्या साध्या फुलाच्या पाकळ्या, आणि सगळ्यात भारी म्हणजे घड्याळ, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय.

सहासाठी मुंगी, माशी, फुलपाखरू, कुठलाही कीटक घ्या, पाय सहाच. मधमाशीच्या पोळ्यातल्या कप्प्याच्या बाजू सहा, गिटारच्या तारा सहा, क्रिकेटच्या षटकात चेंडू सहा. सातसाठी वस्तू कमी सापडतात, पण आठवड्याचे दिवस आहेत ना, एकदम पक्के. आठसाठी कोळ्याचे पाय, ऑक्टोपसचे हात, बुद्धिबळाच्या पटाची एक ओळ. नऊसाठी कोडं सोडवायच्या रंगीत क्यूबची एक बाजू, तिच्यावर चौकोन नऊ. दहासाठी दोन्ही हातांची बोटं, खेकड्याचे पाय (नांग्या धरून), गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरचे दहा कप्पे. अकरासाठी क्रिकेटची किंवा फुटबॉलची टीम. बारासाठी महिने, डझन, खडूची बारा रंगांची पेटी.

साधा फासा तर एकटाच तीन पाढे सांभाळतो. बाजू ६, कोपरे ८, कडा १२. चार फाशांचे कोपरे किती, कडा किती, असं विचारता येतं, आणि मूल फासा हातात फिरवत फिरवत मोजतं तेव्हा त्याला ठोकळ्याची भूमिती पण कळते.

शब्दांकडेही लक्ष द्या, मराठीत गट शब्दांतच लपलेत. जोडी, त्रिकूट, चौकडी, पंजा, षटक, डझन, शेकडा. एकच शब्द फसवतो, आठवडा. नावात आठ आहे आणि दिवस सात. मुलाला हे विचारून बघा, खूप वेळ वाद घालतं आणि शेवटी बोटांवर वार मोजून बघतं.

कुठल्या वस्तू टाळाव्यात?

ज्यांचा आकडा बदलतो त्या, निदान सुरुवातीला तरी. पंख्याला पाती तीन असतात पण चारवाले पंखे पण असतात, गुलाबाच्या पाकळ्या प्रत्येक फुलात वेगळ्या. आधी स्वतः मोजून घ्या नाहीतर ऐनवेळी गडबड होते.

पण नंतर, गट पक्के झाल्यावर, या वस्तू मुद्दाम आणा! कारण असमान गट असले की गुणाकार चालत नाही हेही मुलाला कळायला हवं. मांजर घ्या. मांजराच्या पुढच्या पंजांना सहसा पाच-पाच बोटं आणि मागच्यांना चार-चार. पंजे चार आहेत म्हणून पाच चोक वीस केलं तर चुकलं. ५ × २ आणि ४ × २, दहा आणि आठ, अठरा. सारखे गट आधी वेगळे काढायचे आणि मग बेरीज करायची, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी अजून सापडलेलं नाही.

३ × ४ आणि ४ × ३ मध्ये फरक काय? उत्तर तर एकच येतं

उत्तर एक, चित्र वेगळं. ४ रिक्षा आणि ३ मोटारी घेऊन बघा: चार रिक्षांची चाकं बारा, तीन मोटारींची चाकं पण बारा. पण रस्त्यावर चार रिक्षा उभ्या आहेत का तीन मोटारी, यात फरक आहेच की.

लिहायचं कसं यावरून घरात आणि शाळेत कधी कधी गोंधळ होतो. आपण पाढा म्हणतो "तीन चोक बारा", म्हणजे तीन चार वेळा घेतले, पहिला आकडा गटातल्या वस्तूंचा आणि दुसरा गटांचा. चोक म्हणजे चौपट, त्रिक म्हणजे तिप्पट, दुणे म्हणजे दुप्पट, सक म्हणजे सहापट, हे मुलांना एकदा उलगडून सांगा, पाढ्याचे शब्द त्यांना मंत्रासारखे वाटतात आणि अर्थ कळला की चेहरा खुलतो. काही पुस्तकांत मात्र उलटं असतं, आधी गट किती आणि मग प्रत्येकात किती. माझं म्हणणं असं की शाळेत जी पद्धत चालते ती घरी पण ठेवा, त्यावरून भांडू नका, फक्त मुलाला विचारा की यातला गटांचा आकडा कोणता आणि वस्तूंचा कोणता. ते सांगता आलं म्हणजे समजलं.

पण उलट करूनही उत्तर तेच येतं हे लहान मुलाला पटवायचं कसं?

यासाठी ओळी. जमिनीच्या चौकोनी फरश्या, खिडकीच्या जाळीचे चौकोन, बुद्धिबळाचा पट, जिथे वस्तू ओळीत आणि उभ्या रांगेत आहेत असं काहीही चालतं. कागदावर ४ ओळी काढा, प्रत्येक ओळीत ६ ठिपके. विचारा, एका ओळीत किती, ओळी किती? सहा चोक चोवीस. आता तोच कागद फिरवून आडवा धरा. ओळी झाल्या ६ आणि प्रत्येकीत ४. चार सक चोवीस. ठिपका एकही वाढला नाही की कमी झाला नाही. काही समजवायला लागत नाही, कागद फिरवायचा आणि गप्प बसायचं.

यातून एक मोठा फायदा होतो तो पालकांना पण माहीत नसतो. एक ते दहाचे पाढे म्हणजे १०० गुणाकार, बापरे वाटतं. पण उलटसुलट एकच धरले तर उरतात ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे काढून टाका, ते मुलांना लवकर येतात, मग उरतात फक्त २१. एकवीस! नवाची युक्ती आली की तेही पंधरावर येतात. कागदावर दहा बाय दहाचा तक्ता करून मुलासमोर एक-एक खोडत जा, शेवटी जे थोडे उरतात ते बघून मुलाच्या मनावरचं ओझंच उतरतं, मी हे प्रत्येक वेळी बघितलंय.

माझी मुलगी अजूनही सगळं एक-एक करून मोजते. काय करू?

बंद करू नका, पण मोजणं अवघड करा. म्हणजे कसं, तर गट झाकून टाका. पाच मुठी समोर धरायच्या, बोटं आत. एका हाताची बोटं पाच हे तिला माहीत आहे, ती दिसत नाहीयेत, मग एक-एक मोजणार कशी? मग ती पाच, दहा, पंधरा म्हणायला लागते, आणि हेच तर हवंय. किंवा काड्यापेटीच्या रिकाम्या डब्या घ्या, प्रत्येकीत चार बटणं तिच्याच हाताने घालून बंद करा आणि विचारा, सहा डब्यांत किती? वाटलं तर उघडून बघ म्हणायचं, पण आधी सांग. उघडून बघितल्यावर उत्तर बरोबर निघालं की जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

डोळ्याला एका नजरेत न मोजता साधारण तीन-चार वस्तूच कळतात, त्यापुढे मोजावं लागतं. म्हणून मोठे गट ठेवताना फाशावरच्या ठिपक्यांसारखे मांडा, पाच म्हणजे चार कोपरे आणि एक मध्ये, सहा म्हणजे तीन-तीनच्या दोन रांगा. आकार ओळखीचा झाला की मोजणं आपोआप सुटतं.

घड्याळ आणि कॅलेंडरचा काही उपयोग होतो का?

खूप! काट्यांच्या घड्याळावर पाचाचा पाढा छापलेलाच आहे. मिनिटकाटा ३ वर म्हणजे पाच त्रिक पंधरा मिनिटं, ७ वर म्हणजे पाच साते पस्तीस. मुलाला घड्याळ येत नसेल आणि पाचाचा पाढा येत असेल तर एकातून दुसरं शिकवता येतं, उलटही होतं.

कॅलेंडरात सातचा पाढा आहे. कुठलाही महिना काढा, ७, १४, २१, २८ या तारखा कायम एकाच वाराला येतात. महिना कुठल्याही वारी सुरू होवो. मुलाला आधी न सांगता तीन-चार महिन्यांत त्या चार तारखांना गोल करायला सांगा आणि काय दिसतं ते विचारा. का होतं हे त्यालाच शोधू द्या, दोन दिवस लागले तरी चालतील.

७, ८, ९ चे पाढे काही केल्या लक्षात राहत नाहीत

सगळ्यांचं तसंच असतं. यांना थेट पाठ करण्याऐवजी ओळखीच्या पाढ्यांतून काढायला शिकवा.

आठचा पाढा म्हणजे दुप्पट, दुप्पट, दुप्पट. ८ × ६ हवंय? सहाची दुप्पट १२, परत दुप्पट २४, परत ४८. कोळ्याच्या पायांवर दाखवता येतं, एका बाजूला चार पाय, दुसऱ्या बाजूला चार, म्हणजे आठ हा चाराची दुप्पट आणि चार हा दोनाची.

नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून. दहा बोटांचे सहा जण, म्हणजे साठ बोटं, आता प्रत्येकाने एक बोट मिटलं, किती मिटली? सहा. उरली चोपन्न. नऊ सक चोपन्न झालं. आणि मराठी मुलांना ही युक्ती भाषेतच शिकवलेली असते, एकोणीस म्हणजे वीसला एक उणा, एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा, तसाच नऊ म्हणजे दहाला एक उणा. नऊच्या पाढ्यातल्या उत्तरांचे अंक मिळवले की नऊच येतात, १८, २७, ३६, हे पडताळायला वापरायचं.

सातसाठी तोडायचं. सात म्हणजे पाच आणि दोन. ७ × ८ साठी आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढा आणि पाचव्या ओळीनंतर कागद दुमडा. वर पाच ओळी, आठ पाचा चाळीस. खाली दोन ओळी, सोळा. मिळून छप्पन्न. हे कागद दुमडणं हातानेच करायला लावा, कारण पुढे मोठ्या गुणाकारात आणि बीजगणितातल्या कंसात पण हीच युक्ती परत परत लागते.

मग पाढे पाठ करायचे का नाही?

करायचे, नक्की करायचे. फक्त आधी समज आणि मग पाठांतर. समज असेल आणि पाठांतर नसेल तर मोठ्या भागाकारात मूल प्रत्येक पायरीला ठिपके काढत बसेल आणि मूळ गणितच विसरेल. पाठांतर असेल आणि समज नसेल तर काय होतं ते पहिल्या प्रश्नात आलंच आहे. माझा साधा नियम असा, ज्या पाढ्यातला कुठलाही एक गुणाकार मुलाला वस्तूंनी किंवा चित्राने दाखवता येतो तो पाढा पाठ करायला घ्यायचा. आणि म्हणवून घेताना कायम सुरुवातीपासून नको, मधूनच विचारा, उलटं विचारा, नाहीतर "सहा साते" सांगायला मूल सहा एके पासून गाडी सोडतं.

शून्य आणि एकचे गुणाकार कसे दाखवायचे?

एक सोपं आहे, एका गटात जेवढं तेवढंच, किंवा प्रत्येकात एक, पाच माणसं आणि पाच नाकं. शून्यात मुलं अडकतात, ५ × ० ला पाच म्हणतात. पाच रिकाम्या डब्या ठेवा, प्रत्येकीत किती बटणं? काही नाही. मिळून किती? मूल हसतं आणि काही नाही म्हणतं. मग सापाचे पाय, सात साप, पाय किती? लहानांना हे इतकं आवडतं की स्वतःच अजून अशी उदाहरणं शोधून आणतात.

शाब्दिक उदाहरणांत गुणाकार का बेरीज हे कसं ओळखायचं?

"एकूण" शब्द आला की बेरीज, "प्रत्येकी" आला की गुणाकार, असले ठोकताळे कृपया शिकवू नका. भागाकारात पण "प्रत्येकी" येतोच आणि मग मूल तोंडघशी पडतं. त्याऐवजी उदाहरण वाचून झालं की एकच विचारा, यात सारखे गट आहेत का? आहेत तर ते चित्रात दाखव. सारखे गट नसतील तर गुणाकार नाही.

मुलाला उदाहरण बनवायला पण सांगा. नुसतं ६ × ४ लिहून द्यायचं आणि याची गोष्ट सांग म्हणायचं. मुंग्या, गिटार, फासे काहीही येऊ दे. मूल "माझ्याकडे ६ गोट्या होत्या, अजून ४ मिळाल्या" म्हणालं तर लगेच कळतं की अजून बेरीजच चाललीय. एवढी चांगली चाचणी दुसरी नाही.

थोडं मोठं मूल असेल तर हे कोडं द्या: मुंग्या आणि कोळी मिळून ५ जीव आहेत, पाय मिळून ३४, तर कोळी किती? सगळ्या मुंग्याच असत्या तर पाय तीस झाले असते, चार जास्त आहेत, कोळ्याला मुंगीपेक्षा दोन पाय जास्त, म्हणजे कोळी दोन. उत्तर सांगू नका हं, काड्यांचे पाय लावून त्यांनाच शोधू दे.

मोबाईलवरची गेम चालेल का?

पाढ्यांच्या सरावाला चालेल, थोडा वेळ. गट समजायला मात्र वस्तू हाताळाव्याच लागतात.

किती वेळ बसवायचं? मुलगा पाच मिनिटांत उठतो

मग पाचच मिनिटं. खरंतर बसवायची पण गरज नाही, मोजे घडी करताना, सिग्नलला थांबलेलं असताना, जिना चढताना होतं हे. एक प्रश्न, एक उत्तर, झालं. रोज एक मिळाला तरी महिन्याचे तीस होतात. आणि चुकलं तर "चूक" म्हणण्याआधी "कसं काढलंस?" विचारा, बरेचदा सांगता सांगता मूल स्वतःच दुरुस्त करतं.

खूप दिवस झाले तरी जमतच नाहीये, काही अडचण असेल का?

आधी मागे जाऊन बघा, बेरीज पक्की आहे का, दोन-दोन, पाच-पाचने मोजता येतं का. कच्चा दुवा बहुतेक वेळा तिथेच असतो. पण मूल बाकी विषयांत ठीक असूनही छोट्या संख्या कमी-जास्त ओळखायला, मोजायला, साध्या बेरजेला सतत झगडत असेल तर शिक्षकांशी बोला आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, डिस्कॅल्क्युलिया नावाची अध्ययन अडचण असते आणि ती हुशारीशी जोडलेली नाही. त्या मुलांना पण वस्तू आणि चित्रांनी मदत होते, वेळ जास्त लागतो, आणि तोपर्यंत "एवढं पण येत नाही का" हे वाक्य घरात कुणीही म्हणायचं नाही, आजीआजोबांना पण आधीच सांगून ठेवा.

याच वस्तूंनी भागाकार शिकवता येतो का? आणि वस्तू उरल्या तर?

येतो, आणि वेगळं काही आणायला नको. गुणाकारात तीन प्रश्न होते, एकात किती, असे किती, मिळून किती. भागाकारात शेवटचं उत्तर आधीच सांगितलेलं असतं आणि पहिल्या दोनांतलं एक झाकलेलं असतं. चाकं २० आहेत, मोटारी किती? इथे गट किती ते शोधायचं. २० बटणं ४ डब्यांत सारखी भर, एकीत किती? इथे एकात किती ते शोधायचं. दोन्ही वेळा लिहायचं २० ÷ ४, पण हाताने करताना कृती वेगळी आहे, पहिल्यात चार-चार उचलत जायचं आणि दुसऱ्यात एक-एक वाटत जायचं. दोन्ही करून घ्या, शाळेत घाईत एकच होतं.

उरण्यासाठी परत कॅलेंडर काढा. आठवडे ५२, सात दिवसांचे, ७ × ५२ म्हणजे ७ × ५० साडेतीनशे आणि वर ७ × २ चौदा, झाले ३६४. वर्ष ३६५ दिवसांचं, एक दिवस उरला. तो उरलेला एक दिवस जातो कुठे? त्याच्यामुळेच वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो, या वर्षी बुधवारी असेल तर पुढच्या वर्षी गुरुवारी, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. मुलाला स्वतःच्या वाढदिवसाचा पुढच्या तीन वर्षांचा वार आधी कागदावर काढायला सांगा आणि मग कॅलेंडर उघडून ताडून बघा.